वतन, बाँड आणि करारपत्र
(जांबे, ता. मुळशी, जि. पुणे येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय मी निवडलेला नाही. तो याच गावच्या एका आजींनी निवडला आहे. मागे एका वाटणीच्या कागदांसाठी मी येथे आलो असता शेजारच्या घरी चहाला गेलो. त्या घरची नात परिचारिका आहे. तिने जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केला, पुढे पदवी मिळविली आणि चार वर्षे एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नोकरी केली. इंग्लंडमधील एका रुग्णालयाने तिला जागा देऊ केली आहे. पत्रासोबत कामाचे वर्णन आले होते, आणि मुलगी ते घरच्या माणसांना मराठीत सांगत होती. रुग्णास अंघोळ घालणे, भरविणे, शौचास नेणे, उठवत नसेल त्यास बेडपॅन देणे, अंथरूण बदलणे. वाचन येथवर आले आणि आजी म्हणाल्या, "म्हारकी सोडली म्हून बुद्ध झालो ना आपन? आन् आता पोर गोऱ्याचा गू काढाया इमानानं जानार व्हय?"

घरात कोणी बोलले नाही. मुलीने कागद घडी करून ठेवला. मीही गप्प राहिलो, कारण मजजवळ उत्तर नव्हते. वकिलाला उत्तर सुचले नाही ही गोष्ट त्याने चारचौघांत कबूल करू नये असा आमच्या धंद्याचा दंडक आहे. आज तो मोडतो. आजी समोरच बसल्या आहेत, नातही बसली आहे. त्यांच्या अनुमतीनेच ही हकीकत सांगत आहे.

आजींचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यामागे पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. तरुण मंडळींनी वतन पाहिलेले नाही, म्हणून थोडे सांगतो. गावच्या महाराने पाटील-कुलकर्ण्यांचे निरोप पोहोचवावयाचे, सरकारी वसूल तालुक्याला न्यावयाचा, मयताची वर्दी कोसच्या कोस पायी जाऊन द्यावयाची, मेलेले जनावर ओढावयाचे. हाक आली की निघावयाचे, मग दिवस असो वा रात्र. घरचा कर्ता आजारी असेल तर घरातील दुसऱ्याने जावयाचे. मोबदला काय? हाडोळ्याचा तुकडा आणि सुगीत बलुत्याच्या पेंढ्या, त्याही देणाऱ्याच्या मर्जीवर. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रज सरकारने या व्यवस्थेवर आपली मोहोर उठविली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. त्या वेळी यश आले नाही. कनिष्ठ गाव-वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडावयास सांगितले, असे आजी म्हणतील. होय, सांगितले. परंतु ती कामे जन्माने आपल्याच वाट्याला का, हा त्यांचा प्रश्न होता. १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या, आणि त्या मंडळाने होऊ न दिलेल्या, भाषणात त्यांनी दाखवून दिले की जातीने कामांची वाटणी होत नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी होते. मी वकील म्हणून हाच विचार कायद्याच्या भाषेत मांडतो. वतनाचे विष तीन ठिकाणी होते: नाही म्हणता येत नव्हते, मोबदला आधी ठरत नव्हता, आणि सोडून जाता येत नव्हते. ज्या कामात या तिन्ही गोष्टी उलट आहेत, ते काम वरून कितीही वतनासारखे दिसो, ते वतन नव्हे. आणि ज्यात या तीनपैकी एक जरी गोष्ट वतनासारखी राहिली, ते पांढऱ्या गणवेशात केले तरी सावध झाले पाहिजे. मुलीचे करारपत्र मी याच कसोटीवर वाचले. ते मी पुढे सांगणार आहे. आधी कामाविषयी बोलू, कारण आजींचा सल कामाचा आहे.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. त्यास अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह विहार पाहत फिरत असता तेथे आले. आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी ते ओतले, आनंदाने त्या भिक्खूस धुतले, आणि मग एकाने डोक्याकडून व एकाने पायांकडून उचलून त्यास खाटेवर ठेवले. इतर भिक्खूंना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, हा आम्हां कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून आम्ही याच्याकडे पाहत नाही. यावर भगवंतांनी संघाला बजावले की येथे तुम्हांस आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी. तेथेच चांगल्या शुश्रूषकाची लक्षणेही सांगितली आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे; रुग्णास काय मानवते व काय नाही हे कळले पाहिजे; त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी; मल, मूत्र, थुंकी, वांती काढण्याची किळस मानू नये; आणि रुग्णाच्या मनाला धीर देता यावा. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही लक्षणे आजच्या कोणत्याही परिचर्या परिषदेच्या नियमांशेजारी ठेवावीत. किळस न मानणे हे तेथे ज्ञानाच्या आणि मैत्रीच्या पंगतीत बसविले आहे, हे विशेष.

फार लांब जावयास नको. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले, आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या मुलाला शिवणे पाप मानले जात होते त्याला त्यांनी पाठीवर घेतले.

आता आपल्या देशातील वॉर्ड पाहा. तेथे डॉक्टर आहे, सिस्टर आहे, तिच्या खाली वॉर्डबॉय व मावशी, आणि त्यांच्याही खाली सफाई कामगार. औषध सिस्टर देते. अंग पुसणे, भरविणे हे नातेवाइकांवर किंवा मावशीवर. बेडपॅन मावशीने उचलावयाचे आणि फरशी सफाई कामगाराने पुसावयाची. ही शिडी सोयीसाठी बनली असे म्हणतात. पण सगळ्यात खालच्या पायरीवर कोणत्या वस्तीतील माणसे उभी आहेत हे एकदा मोजून पाहावे. वरच्या म्हणविणाऱ्या घरांतून मुलींना परिचारिका करावयास एके काळी कोणी धजत नव्हते, कारण परक्याच्या अंगाला हात लावावा लागतो. त्यामुळे या पेशाचा भार दीर्घकाळ मुख्यतः ख्रिस्ती भगिनींनी वाहिला. पुढे नोकरीला मान आला, पण विटाळाची कल्पना गेली नाही. ती एक पायरी खाली सरकून मावशीच्या डोक्यावर बसली. आपल्या मुली शिकून सिस्टर झाल्या म्हणजे त्याही नकळत ही शिडी मान्य करतात. मावशीला हाक मारण्याचा त्यांचा सूर ऐका, म्हणजे माझे म्हणणे पटेल.

इंग्लंडमध्ये ही शिडी अशी नाही. मदतनीस तेथेही असतात, पण अंग धुणे हा परिचारिकेच्या कामाचाच भाग समजला जातो. आणि याचे कारण दयाधर्माचे नसून शास्त्राचे आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडाशी व टाचांशी कातडी प्रथम लाल होते, मग फाटते, मग जखम हाडापर्यंत जाते. ती लाली पाहावयाची तर अंग धुताना पाहावयाची. पायाला सूज आली काय, श्वास लागतो काय, काल ओळखणारा म्हातारा आज नाव विसरला काय, हे दुरून गोळी देऊन कळत नाही. मुलीला मी विचारले, अतिदक्षता विभागात तू यंत्रांवरचे आकडे पाहत होतीस. रुग्णाची पाठ किती वेळा पाहिलीस? ती म्हणाली, "मावशी सांगत असे." आजी, गोऱ्याचा गू काढणारी तुमची नात तेथे निदान करणारी असेल. ज्याने धुतले त्यानेच पाहिले, आणि ज्याने पाहिले त्यानेच लिहावयाचे, असा तेथील नियम आहे.

लिहिण्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण बाहेरून जाणाऱ्या परिचारिकांना थंडीपेक्षा हेच अधिक बोचते. तेथे जे लिहिले नाही ते केले नाही असे मानतात. रुग्णाला हात लावण्यापूर्वी त्याची संमती विचारावयाची. त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल हेही विचारावयाचे. ऐंशी वर्षांच्या गृहस्थाने आपल्याला नुसत्या नावाने हाक मार म्हणून सांगितले तर तसेच म्हणावयाचे. डॉक्टरलाही पुष्कळदा नावानेच बोलावतात. येथे डॉक्टर वॉर्डात आले की सिस्टर उठून उभी राहते आणि "हो सर" म्हणते. तेथे औषधाची मात्रा चुकीची वाटली आणि ती बोलली नाही, तर दोष तिच्याही माथी येतो. शंका असेल तर बोलले पाहिजे, वरिष्ठ ऐकत नसेल तर त्याच्या वरच्याला कळविले पाहिजे, हे तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या आचारसंहितेत कर्तव्य म्हणून घातले आहे.

आपल्या मुलींना हे जड जाते. गप्प राहणे आपल्याला पिढ्यांनी शिकविले. वाड्यावर बोलणाऱ्याचे काय होत असे ते आजींना विचारा. परंतु कालामांना भगवंतांनी जे सांगितले, की कोणी मोठा आहे म्हणून त्याचे म्हणणे खरे मानू नका, ते वॉर्डात नेण्याची हीच जागा आहे. मोठ्या डॉक्टरला "ही मात्रा पुन्हा एकदा पाहाल काय?" असे विचारणे हे बंड नव्हे. ते रुग्णाचे संरक्षण आहे.

तेथे पोहोचेपर्यंतची वाट सांगतो. आधी इंग्रजीची परीक्षा: आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण व संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण, किंवा आरोग्यसेवकांसाठी असलेली ओईटी परीक्षा. मग संगणकावरील परीक्षा, ती भारतातच देता येते. मग तिकडे गेल्यावर प्रत्यक्ष कामाची परीक्षा, जिला ऑस्की म्हणतात. त्यात दहा टप्पे असतात. हात धुणे, रुग्णाची ओळख पटविणे, संमती घेणे, वैद्यकीय नोंद लिहिणे या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवरच येथून गेलेल्या अनुभवी मुली अडखळतात. नोकरी सुरू झाल्यापासून ८ महिन्यांच्या आत नोंदणी व्हावी अशी व्हिसाची अट आहे, आणि तोवर खालच्या श्रेणीवर काम करावे लागते. चार वर्षे अतिदक्षता विभाग सांभाळलेल्या मुलीला तेथे पहिले काही महिने शिरेतून औषध देण्याचीही मुभा नसते. तिला अपमान वाटतो. मी म्हणतो, अपमान मानू नये. अनोळखी हातांपासून रुग्णाला वाचविण्याचा तो नियम आहे, आणि तो ब्रिटनबाहेर शिकून आलेल्या इतरही अनेक देशांच्या परिचारिकांना लागू आहे. अनेकांना सारखा असलेला नियम आणि एकट्या आपल्यासाठी केलेला नियम, यांतील भेद आपल्याइतका कोणाला कळणार?

मात्र भेदाचा नियम तेथेही होऊन गेला आहे. ५ जुलै १९४८ रोजी इंग्लंडची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिला हात कमी पडू लागले. कॅरिबियन बेटांतून कृष्णवर्णीय मुली बोलावल्या गेल्या. तीन वर्षांच्या पूर्ण पात्रतेच्या शिक्षणाऐवजी त्यांच्यापैकी पुष्कळींना दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमात घातले गेले, आणि अनेकींना तो फरक कोणी समजावूनही दिला नाही. जन्मभर त्या खालच्या श्रेणीत राहिल्या. मायदेशी परतल्या तर त्या पात्रतेला तेथे किंमत नव्हती. पत्रावरचे पद नीट न वाचल्याची ही किंमत. आज आपल्याकडेही तोच सापळा दुसऱ्या रूपाने आला. २०२२ पासून इंग्लंडने वृद्धांच्या काळजीवाहू कामगारांसाठी व्हिसा दिला. एजंटांनी परिचारिकांना तो "नर्सचाच व्हिसा" म्हणून विकला. तिकडे गेल्यावर कित्येकांना काम मिळाले नाही, मिळाले ते ठरल्याप्रमाणे नव्हते. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून त्या कामासाठी नवी भरती बंद झाली आहे. तेव्हा आज कोणी एजंट काळजीवाहू म्हणून इंग्लंडला पाठवितो असे सांगत आला तर त्याला चहा न देता वाटेला लावावे.

जर्मनीविषयीही विचारणा होते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली तेथील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आहे व त्यात परिचारिकाही आहेत. तेथे प्रश्न भाषेचा. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता हवी तर सामान्यतः बी-२ पातळीपर्यंत जर्मन यावे लागते, आणि तोवर साहाय्यक म्हणून काम करावे लागते. अंग धुण्याचे काम तेथेही परिचारिकेचेच आहे.

आता पैसा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेल्या भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर यापेक्षा अधिक घेता येत नाही. आखातासह ज्या १८ देशांसाठी सरकारी परवानगी लागते, तेथे परिचारिकांची भरती २०१५ पासून सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच होऊ शकते. हा नियम उगाच आला नाही. त्यापूर्वी मुलींकडून लाखालाखांनी पैसे उकळले गेले होते. इंग्लंडच्या आचारसंहितेप्रमाणे तर उमेदवाराकडून भरतीसाठी पैसे घेणेच निषिद्ध आहे. कर्ज काढून गेलेल्या मुलीला सोडून जाता येत नाही, ही माझी तिसरी कसोटी आठवा. २०१४ साली इराकमधील तिक्रीत येथे युद्धात अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिकांची सुटका झाली. बहुतेक केरळच्या होत्या. गोळीबार चालू असताही त्यांच्यापैकी काहींना परत यावे की नाही असा प्रश्न पडला होता, कारण घरी कर्ज होते आणि पगार थकला होता. युद्धापेक्षा सावकाराची भीती मोठी व्हावी, ही बांधीलकी वतनाहून निराळी कशी म्हणावी?

आणि मग बाँड. या मुलीच्या आजवरच्या रुग्णालयाने नोकरी देताना मुद्रांकाच्या कागदावर तिची सही घेतली आहे: तीन वर्षे सोडणार नाही, सोडल्यास अमुक रक्कम देईन. शिवाय तिची मूळ गुणपत्रके व नोंदणीचे प्रमाणपत्र ठेवून घेतली आहेत. तीन वर्षे केव्हाच पुरी झाली, कागद अद्याप कपाटात आहेत. बाँड म्हणजे शून्य कागद, असे सांगणारा वकील भेटला तर त्याचे ऐकू नये. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम धंद्यावरील बंधन निरर्थक ठरविते हे खरे. परंतु २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेचा, मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये देण्याचा बाँड वैध ठरविला आहे. म्हणून सही करण्यापूर्वी वाचा. तथापि रक्कम मागणे निराळे आणि माणसाला धरून ठेवणे निराळे. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळावयास लावीत नाही. नुकसानभरपाई मागावयाची तर ती ७४ व्या कलमाप्रमाणे वाजवी असावी लागते. मुलीची प्रमाणपत्रे ही तर तिची मालमत्ता आहे. ती तारण ठेवलेली नाहीत. त्या रुग्णालयाला मी नोटीस दिली आहे. कागद पुढील सोमवारी देतो असे त्यांनी तोंडी कळविले आहे. सोमवार कोणता हे कळविलेले नाही.

पासपोर्टाचेही तसेच. १९६७ च्या कायद्याप्रमाणे पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो. तो कोणत्याही देशात मालकाच्या पेटीत राहू देऊ नये.

आपल्या नवदीक्षित कुटुंबांत आणखी एक अडचण असते, जी इतरांना ठाऊक नसते. धर्मांतरानंतर आपण आडनावे बदलली. ते योग्यच केले. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुने आडनाव, नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर नवे, आणि लग्नानंतर पासपोर्टावर तिसरे, असे झाले की परदेशातील परिषद विचारते, ही तीन माणसे कोण? म्हणून राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमधील नोंदही त्याप्रमाणे करून घ्यावी. हे अर्ज करण्याआधी, नंतर नव्हे. जातीच्या दाखल्याची लाज धरून तो फाडू नये. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. त्यासाठी त्यापूर्वी ३४ वर्षे झगडावे लागले होते. मुलीची शिष्यवृत्ती त्याच दाखल्यावर झाली आहे.

तेथे जात असते काय, असेही मला विचारतात. गोऱ्याला आपली जात कळत नाही. वंशाचा आणि रंगाचा भेद मात्र तो करू शकतो. जात विचारतो तो आपल्याच देशाचा मनुष्य. रुग्णालयाच्या वसतिगृहात सामाईक स्वयंपाकघर असते, आणि पहिल्याच संध्याकाळी कोणी तरी आडनाव विचारते, मग गाव, मग देव. आपण बौद्ध आहोत हे तेथे एका श्वासात सांगावे. १९१७ साली कोलंबियाची विद्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही आणि पारशी पथिकाश्रमातून काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले, हे आपण विसरलो नाही. परंतु आज कायद्याचे हत्यार आहे. इंग्लंडच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा उल्लेख घालण्याचे तेथील सरकारने २०१८ साली नाकारले. तरी त्याआधीच, २०१४ साली, बिहारमधून नेलेल्या एका घरकामगार स्त्रीच्या दाव्यात, चंधोक विरुद्ध टिर्की या अपिलात, तेथील न्यायाधिकरणाने म्हटले की जात ही वांशिक मूळ या शब्दांत येऊ शकते. म्हणून काही घडले तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार वहीत लिहावेत, आणि पहिल्याच महिन्यात कामगार संघटनेचे सभासद व्हावे. परिचारिकांची रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग आहे, युनिसन आहे. वर्गणी जड वाटेल. द्यावी. वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम येथे आंबेडकरी बौद्धांची विहारे आहेत, बहुतेक पंजाबी बांधवांनी उभारलेली. हिवाळ्यात तेथे दुपारी चारला अंधार पडतो. त्या अंधारात "जय भीम" म्हणणारा दुसरा आवाज ऐकू येणे हे औषधाहून कमी नाही. लंडनला किंग हेन्रीज रोडवरील बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले आहे, तेही पाहून यावे.

आता मला वडीलधाऱ्यांशी बोलावयाचे आहे, आणि हे थोडे कडू लागेल. नोकरीचे पत्र आले त्याच आठवड्यात त्या घरात तिच्या पगाराची वाटणी झाली. धाकट्या भावाची मोटारसायकल, वरचा मजला, आणि चुलत्याचे जुने देणे. मुलीला कोणी विचारले नाही. तिनेही काही म्हटले नाही. माझ्या तीन कसोट्या आता घराला लावा. तिला नाही म्हणता येते काय? किती पाठवावयाचे ते ठरले आहे काय? आणि थांबविता येते काय? हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली ज्यांनी मंत्रिपद सोडले त्यांच्या अनुयायांच्या घरात मुलीची कमाई हे आपले इनाम समजले जात असेल, तर हाडोळा गेला तरी वतनदारी शिल्लक आहे. तिचे खाते तिच्या नावावर असावे. ती पाठवील ते तिच्या इच्छेने पाठवील. आणि पहिले सहा महिने काही मागू नये, कारण त्या काळात तिला घरभाडे, थंडीचे कपडे आणि परीक्षा असते.

करारपत्र मी तीनदा वाचले. पद नोंदणीकृत परिचारिकेचे आहे. पगार, तास, सुटी आकड्यांनिशी लिहिली आहे. नाही म्हणण्याची सोय आहे. शेवटच्या पानाजवळ मात्र एक कलम असे आहे की मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास भरतीचा खर्च परत द्यावा लागेल. किती, ते लिहिलेले नाही. अशा कलमांविषयी तिकडच्या आचारसंहितेतच सांगितले आहे की ती पारदर्शक असावीत, आणि रक्कम खर्चाच्या प्रमाणात असावी. कोऱ्या जागेवर सही करावयाची नाही, हे आपले वाडवडील अंगठा देऊन शिकले आहेत. म्हणून त्या रुग्णालयाला एक पत्र तयार केले आहे: रक्कम लिहा, आणि दरमहा ती किती कमी होईल तेही लिहा. मुलीने ते स्वतः इंग्रजीत लिहिले. मी दोन स्वल्पविराम बदलले. उत्तर आल्यावर सही करावयाची की नाही हे ती ठरवील.

सभेनंतर मी येथेच बसणार आहे. ज्यांच्या मुलींचे असे कागद असतील त्यांनी घेऊन यावे. मूळ कागद घरीच ठेवावेत, प्रती आणाव्यात.

जय भीम.